सातव्या मजल्यावर भुवनेश्वरी

उमरग्यात कुणालाही पत्ता विचारा, सांगणारा आधी मान वर करतो आणि मग बोट दाखवतो. "ते उंच दिसतंय न्हवं, तिथनं डाव्या हाताला." हैदराबादच्या हायवेला खेटून उभी असलेली ती सात मजल्यांची बिल्डिंग. पाटीवर 'वीरभद्र चेंबर्स' लिहिलेलं आहे, पण गाव तिला नुसतं 'चेंबर' म्हणतं. खाली बँक आणि मोबाईलची दुकानं, वर वकील, कॉम्प्युटर क्लास, विम्याची कचेरी, ठिबक सिंचनवाल्यांचं ऑफिस. आणि पाचव्या मजल्यावर, जिन्याला लागून, राजेश्वरी मॅडमचं वकिलीचं ऑफिस. भुवनेश्वरी तिथं टायपिंगला होती.

टायपिंगचा हात एकदम साफ. खरेदीखत असो की वाटणीपत्र, चूक म्हणून सापडायची नाही. पण ही बाई एका जागी बसत नसे. चार ओळी झाल्या की उठायची, दारापर्यंत जायची, गॅलरीतून खाली वाकून बघायची, परत यायची. टेबलावर पाण्याचा ग्लास कायम भरलेला, पण त्यातलं पाणी ती पीत नसे. त्याच्याकडे बघत असे. लिफ्टमध्ये तिनं कधी पाय ठेवला नाही. पायांतल्या चपला ऑफिसात सगळे दाराशी काढत, हिच्या पायांतच असत.

राजेश्वरी मॅडमनं सुरुवातीला एकदा विचारलं होतं, "भुवना, तुला काही होतंय का गं? डॉक्टरला दाखवू या का?"

"काही न्हाय मॅडम. वर माणसं चालतेत, त्यांचा आवाज येतो."

मॅडमनं वर बघितलं. सहाव्या मजल्यावर ठिबकवाल्यांची माणसं ये-जा करत होती, एवढंच. त्यांना काही कळलं नाही, पण परत त्यांनी विचारलं नाही.

भुवनेश्वरीचं माहेर लोहाऱ्याकडचं. ती सहा वर्षांची होती तेव्हा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून दमलेलं गाव झोपलं होतं आणि पहाटे जमीन हलली. त्यांची घरं दगडमातीची, वर मातीचं जाडजूड माळवद. ते सगळं खाली आलं. आईनं तिला कुशीत घेतलं होतं आणि आडवी पडलेली एक तुळई दोघींच्या वर अडकली होती. आई थोड्या वेळानं बोलायची थांबली. मग उजाडलं, हे तिला फटीतून येणाऱ्या उजेडावरून कळलं. वर माणसं चालत होती. त्यांची पावलं, त्यांचं रडणं, फावड्याचा आवाज, सगळं खाली ऐकू येत होतं. ती ओरडत होती, पण तिचा आवाज काही वर जात नव्हता. माणसं जवळ यायची आणि पुढं निघून जायची. दुपार कलल्यावर कुणाला तरी तिचा हात दिसला.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये ती वाढली, मग सरकारनं वसवलेल्या नव्या गावात. लग्न उमरग्यात झालं. नवरा शिवकुमार एसटीवर ड्रायव्हर. त्याला तिनं लग्नाआधीच सांगितलं होतं, "मला माडीचं घर नको. वर कुणी ऱ्हात असंल तिथं माझा डोळा लागत न्हाय." त्यानं शोधून शोधून पत्र्याचं, एकमजली घर भाड्यानं घेतलं होतं. पण नोकरी मिळाली ती पाचव्या मजल्यावर. टायपिंगची परीक्षा पास होऊन दोन वर्षं ती सगळीकडं फिरली होती आणि हो म्हणणाऱ्या राजेश्वरी मॅडम एकट्याच होत्या. घरी बसून राहणं तर तिला त्याहून जड गेलं असतं.

आता या बिल्डिंगचंही सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

भूकंपानंतर या पट्ट्यात कुणी दुसरा मजला बांधायला तयार नव्हतं. ज्यांची माडी होती त्यांनीही ती उतरवली. बँका, कचेऱ्या, डॉक्टर, सगळे सोलापूर-लातूरचा रस्ता धरू लागले. अशा वेळी वीरभद्रप्पा नावाच्या आडत व्यापाऱ्यानं हायवेवरच्या आपल्या जागेत सात मजले बांधायचं ठरवलं. गावात त्यांना सगळे अप्पा म्हणत. भूकंपात भाकरी घेऊन गावोगाव फिरलेला माणूस. लोकांना वाटलं, तिथं बघितलेल्या मढ्यांनी याच्या डोक्यावर परिणाम झाला. अप्पा म्हणायचे, "भ्यालेलं गाव वाढत न्हाय. कुणीतरी वर चढून दाखवाया पाहिजे."

पुण्याहून इंजिनिअर आणला. नकाशा भूकंपाच्या हिशेबानं काढून घेतला. सेंटरिंगचं काम दादामियाँ मिस्त्रीकडं. चौथा स्लॅब पडला आणि मजूर वर चढेनात. दोन-तीन दिवस काम बंद राहिलं. मग अप्पा स्वतः शिडीनं वर गेले, धोतर खोचून सिमेंटच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "मी हितं हाय. या वर." रोज सकाळी ते वर जाऊन बसत, तेव्हा खालची माणसं वर येत.

बिल्डिंग उभी राहिली, पण दुसऱ्या मजल्याच्या वर कुणी जागा घेईना. पारव्यांनी घरटी केली. तेव्हा अप्पांनी आपलं ऑफिस सातव्या मजल्यावर नेलं. हायवेकडं तोंड करून मोठी खिडकी, खिडकीत खुर्ची. सकाळी दहाला अप्पा खिडकीत दिसायचे ते दिवेलागणीपर्यंत. बाजाराला आलेली माणसं वर बघायची, "अप्पा बसलेत" म्हणायची. असं करत करत एकेक मजला भरला. त्याला पाच-सात वर्षं लागली.

भुवनेश्वरीला हे सगळं ऐकून माहीत होतं. जिन्यात अप्पा भेटले तर ती बाजूला होऊन नमस्कार करायची. यापलीकडं तिचा त्यांच्याशी संबंध आला नाही, तो दिवस येईपर्यंत.

हायवेचं रुंदीकरण चाललं होतं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती एका बक्षीसपत्राचं टायपिंग करत होती. सवयीनं ग्लासकडं बघितलं आणि तिचे हात थांबले. पाण्यावर बारीक बारीक कडी उठत होती. टेबलाला हात लावला, टेबल थरथरत होतं. खिडकीची काच वाजायला लागली.

तिच्या तोंडून केवढी आरोळी फुटली हे तिचं तिलाही कळलं नाही. "हालतंय! उतरा खाली! उतरा!"

ती जिन्याकडं धावली आणि प्रत्येक मजल्यावर दारं वाजवत, ओरडत खाली गेली. या पट्ट्यातल्या माणसांना असलं दोनदा सांगावं लागत नाही. सगळी बिल्डिंग जिन्यात लोटली. क्लासमधली मुलं रडायला लागली. कुणाचा पाय कुणावर पडत होता. सातव्या मजल्यावरून अप्पा उतरत होते. वय पंच्याहत्तरीच्या पुढं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मागून रेटा आला आणि ते पाच-सहा पायऱ्या गडगडत गेले.

खाली रस्त्यावर माणसं जमली. बिल्डिंगसमोर, बँकेच्या दाराशी, रस्ता दाबणारा मोठा रोलर धडधडत उभा होता. त्याच्यावरचा माणूस तोंड उघडं टाकून या गर्दीकडं बघत होता. त्यानं मशीन बंद केलं आणि थरथर थांबली.

आधी कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. आणि तेवढ्यात अप्पांना चौघांनी उचलून बाहेर आणलं.

मांडीचं हाड मोडलं होतं. सोलापूरला ऑपरेशन झालं. लोक पळतानाचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता, तो गावभर फिरला. त्यात भुवनेश्वरी सगळ्यात पुढं होती, पदर सुटलेला, तोंड वासलेलं. पोरंसोरं तिला 'भूकंपबाई' म्हणू लागली. नाव ठेवलं त्याचं तिला एवढं वाटलं नाही. पण एकदा पळालेली माणसं परत वर जाईनात. सहाव्या मजल्यावरच्या ठिबकवाल्यांनी जागा सोडली. क्लासवाल्यानं तळमजल्यावर दुसरीकडं गाळा बघितला.

ती कामावर जायची बंद झाली. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायची. भाजी करपायची, दूध उतू जायचं. शिवकुमार ड्युटीवरून आला की म्हणायचा, "आगं, तू मुद्दाम केलंस का? खाली बस जरा."

"बसले की अप्पा पडल्यालं दिसतं," ती म्हणायची.

अप्पांना घरी आणल्याचं कळलं तसं ती शिवकुमारला घेऊन त्यांच्या घरी गेली. अप्पांचं घर हायवेच्या पलीकडं, बिल्डिंगच्या तिरपं समोर. अंगणात बाजेवर त्यांना निजवलं होतं. ती पायाशी उभी राहिली. रडायचं नाही असं ठरवून आली होती, पण ते काही जमलं नाही.

"अप्पा, चुकलं. लई चुकलं माझं."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत काही दयामाया नव्हती.

"हाड मोडलं त्याचं काय न्हाय," ते म्हणाले. "म्हातारं हाड, आज ना उद्या मोडणारच हुतं. पन माणसं वर चढावीत म्हणून मी निम्मी जिंदगी त्या खिडकीत बसलो. तू एका आरोळीत सगळी खाली आणलीस."

शिवकुमार पुढं होऊन काही बोलायला गेला, अप्पांनी हातानं थांबवलं.

"तू त्या भूकंपातली ना? कुठल्या गावची?"

तिनं गावाचं नाव सांगितलं. अप्पांना ते गाव आठवलं. त्या गावाला ते गेले होते.

"मग ऐक. लिफ्ट असली तरी माझ्यानं आता वर जाऊन बसवत न्हाय. आन खिडकी रिकामी दिसती म्हणून माणसं आनखी भेतेत. माझ्या खुर्चीत तू बस."

"मी?"

"भ्यायला तू लावलंस, आता बसून तूच दाखव. दुसरं कुणी बसलं तर लोकं म्हणतील, याला काय ठावं. तू बसलीस तर म्हणतील, ही बसली म्हणजे काय भ्या न्हाय."

वाटेत शिवकुमार म्हणाला, "जायची काही गरज न्हाय. म्हातारं रागानं बोललंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सात मजले चढून गेली.

राजेश्वरी मॅडमनं तिचा कॉम्प्युटर वर पाठवून दिला. "टायपिंगच करायचंय, पाचव्यावर काय आणि सातव्यावर काय," म्हणाल्या. पण पहिल्या दिवशी भुवनेश्वरी खुर्चीला शिवलीसुद्धा नाही. खोलीच्या दाराशीच उभी राहिली. खिडकीतून हायवे, एसटी स्टँड, शेतं, पार कर्नाटकाकडं जाणारे ट्रक दिसत होते. दुपारी फोन वाजला.

"खिडकीत दिसत न्हाईस. कुठं हिंडतीस?" अप्पा अंगणातल्या बाजेवरून बघत होते.

"अप्पा, पाय थांबंनात माझं."

"मग खिडकीपुढनं हिंड की! दिसलं पायजे."

मग ती खिडकीपुढून हिंडू लागली. खालून लोकांना दिसायचं ते एवढंच की एक बाई इकडून तिकडं जातेय आणि तिकडून इकडं येतेय. पोरं खालून हाका मारायची, "ओ भूकंपबाई, कवा येणारंय?" ती पुढच्या फेरीला लागायची.

दादामियाँ मिस्त्री आता म्हातारे झाले होते, पण बिल्डिंगची देखरेख त्यांच्याकडंच होती. रोज एकदा चहाचा थर्मास घेऊन ते वर यायचे.

"बैठ बेटी. चहा तर बसून पी."

"चाचा, तुम्ही ही बांधली. तुम्हाला भीती न्हाय वाटत?"

"वाटते की. स्लॅब टाकताना रोज वाटायची. आमच्या घरचे सात जण गेले भूकंपात." त्यांनी कप खाली ठेवला. "आन अप्पाला काय कमी वाटायची? ह्या खोलीत आले तवा पैलं वर्षभर ते बसलेच न्हाईत. उभे ऱ्हायचे, खिडकीचा गज धरून. खालच्या लोकांना वाटायचं अप्पा बाजार बघतेत."

भुवनेश्वरीनं खिडकीच्या गजाकडं बघितलं. मग विचारलं, "मग बसले कवा?"

"काय म्हाईत. एक दिवस आलो तर बसल्याले. मी इचारलं न्हाय, त्यांनी सांगितलं न्हाय."

पंधरवडा उलटला असेल. एकदा एका मोठ्या वाटणीपत्राचं काम आलं. ते करता करता तिच्या ध्यानात आलं की बराच वेळ ती उठलेली नाही. का, याचा ती विचार करू लागली आणि मग तिला उमगलं. वर कुणाची पावलं वाजत नव्हती. वर गच्ची होती आणि गच्चीवर कुणी जात नव्हतं. इतकी वर्षं कुठंही बसली तरी डोक्यावर कुणी ना कुणी चालत होतं. इथं नव्हतं. म्हणून काही भीती गेली असं नाही. अस्वस्थपणा होताच, फक्त तो आता तिच्या हातांत होता, पायांत नव्हता. टायपिंगचा वेग मात्र फार वाढला.

ठिबकवाले परत आले नाहीत, पण सहाव्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरनं जागा बघून ठेवली. क्लासवाल्यानंही सामान हलवलं नाही.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. दादामियाँ दारात उभे राहून काहीतरी सांगत होते. आणि जमिनीच्या पोटातून गुरगुर आली. दगडांनी भरलेली गाडी लांब कुठंतरी रिकामी करावी तसा आवाज. तो तिनं आयुष्यात एकदाच ऐकला होता. रोलरचा नव्हता हा. तिनं ग्लासकडं बघितलं नाही, बघायची गरज नव्हती.

मग बिल्डिंग हलली. पंखा डोलायला लागला, कपाटाचं दार आपोआप उघडलं, खुर्ची तिच्यासकट बोटभर सरकली. तिला ओरडायचं होतं, पण घशातून आवाजच निघेना. दादामियाँनी तिचा दंड धरून तिला कॉलमपाशी ओढलं. दोघं कॉलमला मिठी मारून उभे राहिले. कॉलम हलताना तिला छातीला कळत होता. बिल्डिंग एका अंगाला गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मग थांबली. सगळं मिळून घोटभर पाणी पिण्याइतका वेळ.

"खडी है," दादामियाँ पुटपुटले. "खडी है, बेटी."

खालून दारांचा आणि पावलांचा आवाज यायला लागला. माणसं जिन्याकडं धावत होती. भुवनेश्वरी सुटली ती सरळ जिन्यात. सहाव्यावर गर्दी नव्हती, पाचव्यावर जमत होती, चौथ्यावर लोक एकमेकांना ढकलत होते. अप्पा पडले ते वळण त्याच्या खालीच होतं.

तिचा आवाज तेव्हा आला. "थांबा! ढकलू नका! भिंतीला धरून, एकामागं एक!"

कुणीतरी मागं वळून खेकसलं, "आगं, मागल्या बारीला तूच पळवलंस की सगळ्यांना!"

"व्हय, म्याच पळवलं!" ती ओरडली. "आन अप्पांची मांडी मोडली. म्हणूनच सांगते, पळू नका! हालायचं थांबलंय. पोरांना आधी जाऊ द्या."

मग कुणीतरी क्लासच्या मुलांना वाट करून दिली. ती वळणावर भिंतीला पाठ लावून उभी राहिली, एकेकाला हात देत, पुढं घालत. शेवटी दादामियाँ आले. त्यांच्या मागं जिना रिकामा झाला तेव्हा ती उतरली.

कुणाला खरचटलंही नव्हतं. धक्का लहानच होता. इंजिनिअर येऊन बघून गेला, दोन-तीन ठिकाणी गिलाव्याला तडे होते, बाकी काही नाही. पण हे नंतरचं. त्या वेळी ती रस्त्याच्या दुभाजकावर बसली होती आणि तिच्या हातातला फोन वाजत होता.

"पडली का?" अप्पांनी विचारलं. थंडीमुळं बाज घरात घेतली होती, तिथनं त्यांना बिल्डिंग दिसत नव्हती.

"न्हाय अप्पा. उभी हाय."

"कुणाला लागलं?"

"कुणाला न्हाय."

"मग वर जा. लोकं बघतेत."

तिनं मान वर करून सातव्या मजल्याच्या खिडकीकडं बघितलं. "आज न्हाय जमणार, अप्पा. पाय न्हाईत माझ्यात."



"बरं," अप्पा म्हणाले. "उद्या जा."

दुसऱ्या दिवशी ती गेली. खाली चहाच्या टपरीवर बसलेले लोक वर बघत होते आणि त्या दिवशी कुणी हाक मारली नाही.

अप्पा त्या बाजेवरून उठले नाहीत. वैशाखात गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी फोन करून विचारायचे, "बसलीस का?" ती टायपिंग करता करता म्हणायची, "बसले, अप्पा." खोटं बोलायची वेळ क्वचित यायची, पण यायची.

अप्पांचा मुलगा कृष्णराज. त्यानं तिला बिल्डिंगची व्यवस्था बघायला सांगितलं. वकिलीचं टायपिंग सांभाळून करते म्हणाली, पण एक अट घातली. सहा महिन्यांतून एकदा सगळ्यांनी जिन्यानं खाली उतरून दाखवायचं. न पळता, न ढकलता. कृष्णराज हसला. "लोक ऐकणार आहेत का तुमचं?"

लोक कुरकुरले. सहाव्या मजल्यावर आलेला दाताचा डॉक्टर म्हणाला, पेशंटचं तोंड उघडं टाकून येऊ का? बँकेच्या मॅनेजरनं वरून परवानगी लागेल म्हणून सांगितलं. तिनं सगळ्यांच्या पाठीस लागून लागून त्यांना तयार केलं.

मागच्या महिन्यात पहिल्यांदा त्या सरावाची घंटा वाजली. माणसं गप्पा मारत, मोबाईल बघत, जत्रेला निघाल्यासारखी खाली आली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. भुवनेश्वरी त्यांच्यापुढून येरझाऱ्या घालत एकेक चेहरा बघत होती. क्लासची मुलं आली, विम्यावाले आले, डॉक्टर आला, त्याचा पेशंटही गालाला रुमाल लावून आला.

"मॅडम कुठं हायत?" तिनं एकदम विचारलं.

सगळ्यांनी वर बघितलं. पाचव्या मजल्याच्या गॅलरीत राजेश्वरी मॅडम फोन कानाला लावून, हातवारे करत कुणाशी तरी भांडत होत्या.

"मॅडम! ओ मॅडम! उतरा की!" भुवनेश्वरीनं खालून हाक दिली. मॅडमनं हातानंच 'थांब' म्हणून खूण केली.

लोक हसले. तिनं कमरेला पदर खोचला आणि जिन्याकडं निघाली.